टॅलीची माहिती एआय एजंटसाठी कशी लिहावी

एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच टप्प्याटप्प्याने करणारा प्रोग्रॅम, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला जोडणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. टॅलीप्राइम, म्हणजे टॅलीची आताची आवृत्ती, एका पोर्टवर (संगणकाच्या ठरलेल्या दारावर) एक्सएमएल या टॅग लावलेल्या मजकुरातली विनंती ऐकते, ही सोय जुनीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याची एक समान पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुली झाल्यापासून असे जोड बांधणं आणखी सोपं झालं. पहिल्या दिवशी एंट्री पडते, सगळे खूश होतात. महिन्याभराने बँकेचा ताळमेळ लावायला बसलं की कळतं, एकाच पार्टीची तीन लेजर (खाती) झाली आहेत, टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेल्या आयकराची, रक्कम ‘डिस्काउंट अलाउड’मध्ये गेली आहे आणि दोन रिसीट दोनदा पडल्या आहेत.

यात एजंटमागचं एआय मॉडेल कमी पडलं असं क्वचितच असतं. त्याला तुमच्या वहीची माहिती कुणी लिहून दिलेली नसते. ऑफिसात नवीन लागलेला मुलगा अडला की मान वर करून विचारतो. एजंट अडत नाही. पटेल असं काहीतरी उत्तर शोधून तो पुढची ओळ घेतो. म्हणून त्याच्यासाठी लिहिताना ‘हे असं करायचं’ या वाक्यांपेक्षा ‘इथे थांबून विचारायचं’ ही वाक्यं जास्त कामाची ठरतात. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशोबाने मांडले आहेत. उदाहरण टॅलीप्राइमचं आहे, कारण आपल्याकडच्या कारखान्यांत, पेढ्यांवर आणि सीएंच्या ऑफिसांत तीच जास्त दिसते. ईआरपीनेक्स्ट किंवा झोहो बुक्स वापरत असाल तर बटणं बदलतील, क्रम हाच राहील.

पहिला टप्पा: अकाउंटंटच्या शेजारी बसा

लिहायची सुरुवात संगणकासमोर करू नका. एका खात्याचं एका महिन्याचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि रोज एंट्री टाकणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही कुठे टाकणार, आणि कशावरून? ‘कुठे’चं उत्तर लगेच येतं. ‘कशावरून’ला बहुतेकदा ‘आता माहितीच आहे ना’ असं ऐकायला मिळतं. तुम्हाला लिहून काढायचंय ते नेमकं हेच.

एक ओळ जवळून बघू. पार्टीकडून एनईएफटीने ४६,४०० रुपये आले. तिच्या नावावर येणं असलेलं बिल ४७,२०० चं. आठशे रुपये कमी. अकाउंटंट वर न बघताच सांगतो, ‘टीडीएस कापलाय.’ कशावरून? बिल मजुरीच्या कामाचं आहे. करपात्र रक्कम ४०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. आपली फर्म भागीदारीतली, म्हणून कंत्राटी कामावर दोन टक्के कापले जातात. मालकाची एकट्याची फर्म असती तर एकच टक्का कापला असता. शिवाय बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा, म्हणून ९४४ नाही, ८००.

एवढा सगळा हिशोब त्या माणसाच्या डोक्यात एका क्षणात होतो आणि कागदावर त्यातलं काहीच नसतं. एजंटला न सांगता सोडलंत तर तो ८०० रुपये बाकी ठेवेल, किंवा डिस्काउंटला टाकेल, किंवा राउंड ऑफमध्ये बसवेल. तिन्ही प्रकारांत ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांचा एकत्र ताळा, जुळतो. बुडतं ते टीडीएसचं क्रेडिट, आणि ते कळतं रिटर्न भरताना. तेव्हा एजंटला वाचायला द्यायच्या फाइलमध्ये अशी नोंद हवी:

> येणं बिलापेक्षा रक्कम कमी आली, तर फरकाची बिलाच्या करपात्र रकमेशी टक्केवारी काढा. नेमके १, २ किंवा १० टक्के निघाले तर टीडीएस असण्याची शक्यता धरा: फरक ‘टीडीएस रिसिव्हेबल’ला नावे (डेबिट) करून कच्ची एंट्री करा आणि तपासणीच्या यादीत घाला. टक्केवारी यापैकी नसेल तर एंट्री करू नका. तारीख, पार्टी, बिल नंबर आणि फरक सांगून थांबा.

अशा आणखी बऱ्याच गोष्टी निघतील. फर्मच्या ऐवजी मालकाच्या मुलाच्या यूपीआयवरून आलेले पैसे. रोख भरणा, जो विक्री नसून गल्ल्यातली रक्कम बँकेत टाकलेली असते, म्हणजे कॉन्ट्रा. भागीदाराने कंपनीच्या कार्डावर केलेला घरचा खर्च. एकाच माणसाला एका दिवसात रोखीने दहा हजारांवर दिलेले पैसे, जे आयकरात खर्च म्हणून मान्य होत नाहीत, त्यामुळे एंट्री आधी कुणीतरी बघायला हवी. यातलं जे वारंवार येतं त्याचा नियम करा. वर्षातून एकदा येतं त्याचा नियम करत बसू नका, ‘विचारा’ एवढंच लिहा.

दुसरा टप्पा: मजकूर तोडून ठेवा

सगळं एका लांबलचक फाइलमध्ये कोंबण्याचा मोह होतो. एजंट जे वाचतो ते त्याच्या मर्यादित जागेत बसायला लागतं, आणि लेजरच्या चारशे नावांखाली ‘डिलीट करू नका’ ही ओळ हरवते. एक छोटी मुख्य फाइल करा, साधारण एका पानाची, जी तो दरवेळी वाचेल. तिच्यात बाकीच्या फाइलींची नावं आणि कुठली केव्हा उघडायची ते असावं. बाकीच्या चार पुरतात: लेजरची यादी, व्हाउचरचे (एकेका एंट्रीच्या नोंदीचे) नमुने, चुकांचे संदेश आणि त्यावर काय करायचं, आणि जीएसटी-टीडीएसचे नियम.

मुख्य फाइलला ‘एजंट्स डॉट एमडी’ किंवा ‘स्किल डॉट एमडी’ असं नाव देण्याची पद्धत रूढ होते आहे. तुमचं साधन जे शोधतं ते द्या. साधा मजकूर ठेवा. पीडीएफ नको, स्क्रीनशॉट तर नकोच. कुठल्या बटणावर बाण काढलाय ते एजंटच्या उपयोगाचं नसतं. भाषा मराठी चालते, आजची मॉडेल्स मराठी सूचना नीट पाळतात. मात्र लेजर, ग्रुप, व्हाउचर आणि टॅगची नावं टॅलीत जशी आहेत तशीच, त्याच लिपीत, अक्षर न अक्षर.

तिसरा टप्पा: मुख्य फाइल

इथे पहिल्यांदा जोडणीची माहिती. टॅलीप्राइम पोर्ट ९००० वर ऐकते. एफ-१ मधून सेटिंग्ज, तिथून कनेक्टिव्हिटी, आणि टॅली ‘सर्व्हर’ किंवा ‘बोथ’ म्हणून चालू आहे का ते बघायचं. त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि ९००० टाकलं की सर्व्हर चालू असल्याचा एक ओळीचा निरोप दिसतो. एजंटचं कामही इथूनच सुरू होऊ द्या: निरोप आला नाही तर पुढे काही करायचं नाही, टॅली बंद आहे असं सांगायचं. या पोर्टला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो, तेव्हा राउटरमधून ते बाहेर उघडू नका. कुणी ‘घरून बघता येईल’ म्हणून आग्रह धरला तरी नाही.

दुसरी गोष्ट कंपनीचं नाव. टॅलीत एकाच वेळी दोन-तीन कंपन्या उघड्या असणं नेहमीचं आहे: मालकाची फर्म, बायकोच्या नावाची फर्म, आणि मागच्या वर्षाची फोडून वेगळी केलेली कंपनी. विनंतीत कंपनीचं नाव दिलं नाही तर त्या क्षणी जी कंपनी चालू असेल तिच्यात एंट्री पडते, कसलीही तक्रार न करता. चूक सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो या प्रकारात, कारण तुम्ही शोधत असता ते दुसऱ्याच वहीत. म्हणून:

> प्रत्येक विनंतीत, वाचण्याच्या सुद्धा, कंपनीचं पूर्ण नाव द्या. काम सुरू करताना उघड्या कंपन्यांची यादी मागवा. आपलं नाव त्यात हुबेहूब नसेल तर थांबा. मिळतंजुळतं नाव चालणार नाही.

मग वर्ष. चालू आर्थिक वर्षाची सुरुवात आणि शेवट तारखेने लिहा. ‘चालू वर्ष’ एवढ्यावर सोडू नका. ‘मार्चचा हिशोब’ म्हटल्यावर एप्रिलमध्ये बसलेल्या माणसाला कुठला मार्च ते कळतं, एजंट पुढचाही धरू शकतो.

चौथा टप्पा: लेजरची यादी

सगळ्यात जास्त वेळ याच फाइलला द्या. टॅलीत २८ ग्रुप तयार मिळतात आणि लेजर फक्त दोन, कॅश आणि प्रॉफिट अँड लॉस. बाकीचं प्रत्येक नाव तुमच्या ऑफिसात कुणीतरी, कधीतरी, घाईत टाकलेलं आहे. मॉडेलला टॅली कशी चालते ते ठाऊक असतं, तुमची टॅली ठाऊक नसते.

यादी हाताने टाइप करू नका. चार्ट ऑफ अकाउंट्समधून ऑल्ट-ई ने एक्स्पोर्ट करा, म्हणजे नावातला मागचा पूर्णविराम आणि दोन शब्दांतली जास्तीची जागासुद्धा तशीच येईल. मग प्रत्येक खर्चाच्या लेजरपुढे दोन गोष्टी लिहा: यात काय टाकायचं, आणि काय टाकायचं नाही. दुसरी गोष्ट लोक गाळतात, आणि तिथेच घोळ होतो.

> ‘रिपेअर्स मशिनरी’: सुटे भाग, दुरुस्तीची मजुरी. इथे नको: नवं मशीन, मोटर, कॉम्प्रेसर. मालकाने ठरवून दिलेल्या रकमेच्या वरचं बिल असेल तर भांडवली खर्च असू शकतो, विचारा.
>
> ‘फ्रेट इनवर्ड’: माल आणण्याचं भाडं. इथे नको: गिऱ्हाइकाकडे माल पोचवण्याचं भाडं. ट्रान्सपोर्टरच्या बिलावर जीएसटी लावलेला नसेल तर आरसीएमचा (जीएसटी आपणच भरण्याचा) प्रश्न आहे, विचारा.

जुळी लेजर असतातच. ‘बँक चार्जेस’ आणि ‘बँक कमिशन’, ‘टेलिफोन’ आणि ‘मोबाइल’, एकाच पार्टीची शहराच्या नावासह आणि नावाशिवाय अशी दोन. एजंटसाठी लिहायला बसलात की ती सगळी डोळ्यांपुढे येतात. फाइलमध्ये स्पष्टीकरण देण्यापेक्षा टॅलीतच ती एकत्र करून घ्या, तेवढंच लिहायचं कमी. ज्या पार्टीचं नाव बँकेच्या स्टेटमेंटवर अर्धवट कापून येतं, तिच्या लेजरला टॅलीतच अलायस (दुसरं नाव) द्या आणि तोच यादीतही घ्या.

‘अँड सन्स’, ‘अँड कंपनी’ अशी नावं असलेल्या पार्ट्यांची एक खास अडचण आहे. नावातली ‘अँड’ची मुरडलेली खूण एक्सएमएलमध्ये तशीच गेली की विनंती मोडते. तिच्या जागी एक्सएमएलमधलं तिचं ठरलेलं पूर्ण रूप पाठवावं लागतं. हे नमुन्यासकट लिहा, कारण नाहीतर एजंट खूण काढून ‘अँड’ शब्द घालतो, ते नाव टॅलीला सापडत नाही, आणि मग तो मदत म्हणून नवं लेजर उघडतो. तीन लेजर होतात ती अशी.

म्हणून नवं लेजर उघडायची परवानगी एजंटला देऊच नका. नाव सापडलं नाही तर तपासणीच्या यादीत टाकून पुढे जायचं. आणि ‘सस्पेन्स’, म्हणजे न कळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायचं लेजर, तेसुद्धा त्याच्या यादीतून काढा. काही सीए याला तयार नसतात, त्यांचं म्हणणं बँक तरी जुळते. पण एकदा सस्पेन्स दाखवला की एजंटला शोधायचं कारणच उरत नाही, जे जे कळत नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं. न टाकलेली एंट्री बँकेच्या ताळमेळात लगेच दिसते. सस्पेन्समधली मार्चअखेरपर्यंत दिसत नाही.

पाचवा टप्पा: व्हाउचरचे नमुने

वर्णन कमी, भरलेले नमुने जास्त. पेमेंट, रिसीट, कॉन्ट्रा, जर्नल, सेल्स, पर्चेस, क्रेडिट नोट आणि डेबिट नोट, प्रत्येकाचा एक पूर्ण नमुना तुमच्याच वहीतून एक्स्पोर्ट करून घ्या. पार्टीचं नाव बदला, बाकी रचना तशीच ठेवा.

नमुन्याशेजारी चिन्हाचा खुलासा लिहायला विसरू नका. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते आणि जमा रक्कम बिनचिन्हाची, म्हणजे अधिक. सोबत ‘इज डीम्ड पॉझिटिव्ह’ असा एक टॅग असतो, तो नावे बाजूला ‘येस’ आणि जमा बाजूला ‘नो’. नाव पॉझिटिव्ह आणि रक्कम उणे, हे वाचून माणूसही गोंधळतो. एजंट दोन्ही बाजू उलटवतो, बेरीज शून्यच येते, आणि विक्रीच्या जागी विक्री परत आल्यासारखं दिसतं. वरच्या ४७,२०० च्या बिलाचाच नमुना असा:

> व्हाउचर: सेल्स. तारीख: २०२५०७१५
> पार्टीचं लेजर, नावे, येस, -४७२००.००
> लेबर चार्जेस रिसीव्हड, जमा, नो, ४००००.००
> आउटपुट सीजीएसटी, जमा, नो, ३६००.००
> आउटपुट एसजीएसटी, जमा, नो, ३६००.००
> बेरीज शून्य आली पाहिजे. रकमेत स्वल्पविराम नको.

तारीख वर्ष, महिना, दिवस अशी सलग आठ अंकी जाते. बँकेच्या स्टेटमेंटवर ती दिवस-महिना-वर्ष असते आणि ०५-०७ म्हणजे पाच जुलै की सात मे हा घोळ परदेशी सवयीच्या मॉडेलकडून होऊ शकतो. दिवस आधी, एवढं एक वाक्य पुरतं.

पार्टीच्या ओळीखाली बिल-वाईज तपशील येतो: ‘न्यू रेफ’ (नवं बिल), ‘अगेन्स्ट रेफ’ (आधीच्या बिलापोटी), ‘ॲडव्हान्स’, ‘ऑन अकाउंट’ (कुठल्याच बिलाशी न जोडता). पैसे आले की एजंट सरसकट ‘ऑन अकाउंट’ टाकतो, कारण ते नेहमी चालून जातं. येणं बाकीचा रिपोर्ट मग निरुपयोगी होतो. रक्कम कुठल्या बिलाशी तंतोतंत जुळते ते आधी बघा, दोन-तीन बिलांची बेरीज जुळते का ते मग बघा, आणि नाही जुळली तर थांबा, असा क्रम लिहून द्या. जुन्या बिलापासून फेडत यायचं की नाही हे मालकाला विचारूनच लिहा. ते पार्टीगणिक वेगळं असतं.

विक्री बिलाचा नंबर एजंटने स्वतः ठरवू नये. जीएसटीच्या नियमाने तो क्रमवार, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो. मधला नंबर गेला की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगतो. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेर आयजीएसटी, हे कुठल्याही मॉडेलला पाठ असतं. पार्टीच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक बघायचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, हेही त्याला येतं. फसगत होते ती अपवादात. नागपूरच्या मिहानमधल्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) युनिटला माल दिला तर नंबर २७ ने सुरू होतो, तरीही तो पुरवठा आंतरराज्य धरला जातो. तिथे सीजीएसटी-एसजीएसटी लावला की बिलच चुकीचं. अशा पार्ट्यांपुढे लेजरच्या यादीतच ‘सेझ’ असा शेरा मारा. नियमाच्या फाइलमध्ये दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा तो शेरा जास्त काम करतो.

सहावा टप्पा: टॅलीचं उत्तर वाचायला शिकवा

विनंती पोचली म्हणजे एंट्री पडली असं नाही. लेजर सापडलं नाही तरी सर्व्हरकडून उत्तर व्यवस्थितच येतं. आतमध्ये किती तयार झाल्या, किती बदलल्या, किती दुर्लक्षित, किती चुका असे आकडे असतात. नुसतं ‘उत्तर आलं’ यावर समाधान मानणारा एजंट तुम्हाला ‘सगळ्या एंट्र्या झाल्या’ असं सांगून मोकळा होतो. फाइलमध्ये लिहा: एक व्हाउचर पाठवलं तर ‘क्रिएटेड’ एक, आणि ‘एरर्स’ व ‘एक्सेप्शन्स’ शून्य, तरच झालं. ‘आल्टर्ड’ एक आलं तर जुनी एंट्री बदलली गेली आहे, ताबडतोब सांगा.

दोनदा एंट्री पडण्याचं कारण बहुतेकदा हे असतं: टॅली कुठल्यातरी खिडकीवर अडकलेली होती, उत्तर यायला उशीर झाला, एजंटने तेच पुन्हा पाठवलं. उपाय सोपा आहे. बँकेच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी, यूपीआयचा संदर्भ बारा अंकी. तो प्रत्येक व्हाउचरच्या नरेशनमध्ये (तपशिलाच्या ओळीत) सुरुवातीलाच टाकायचा, आणि पाठवण्याआधी त्या दिवसाची डे बुक मागवून तो आधी आहे का ते बघायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवण्याआधीही हेच.

चुकांच्या फाइलमध्ये टॅलीचा संदेश जसा येतो तसा उतरवा, आणि त्यापुढे एकच कृती. ‘लेजर अस्तित्वात नाही’ला: यादीतून नाव पुन्हा पडताळा, खूण तपासा, तरी नाही तर थांबा. अंदाजे संदेश लिहू नका. खरी चूक घडवून आणा आणि आलेला मजकूर चिकटवा.

सातवा टप्पा: कुठपर्यंत हात घालायचा

टॅलीतली एक जुनी सोय इथे फार उपयोगी पडते: ऑप्शनल व्हाउचर. स्क्रीनवर कंट्रोल-एल दाबून होतं ते. एक्सएमएलमध्येही त्यासाठी टॅग आहे. ऑप्शनल एंट्री टॅलीत राहते, पण खात्यांवर तिचा परिणाम होत नाही. एजंटच्या सगळ्या एंट्र्या ऑप्शनल म्हणूनच जाऊ द्या आणि संध्याकाळी अकाउंटंटने बघून त्या पक्क्या कराव्यात. काही महिन्यांनी, एखाद्या प्रकारात, म्हणजे समजा बँक चार्जेसमध्ये, कुठेच दुरुस्ती लागत नाही असं दिसलं तर तेवढा प्रकार थेट सोडा.

एजंटसाठी टॅलीत वेगळा युजर करा आणि ज्या संगणकावरून तो काम करतो तिथली टॅली त्याच युजरने उघडा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणारं, आणि तो माग बंद करता न येणारं, सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्या एडिट लॉगमध्ये एजंटची कामं अकाउंटंटच्या नावावर दिसली तर ऑडिटच्या वेळी ते समजावत बसण्याची वेळ त्या बिचाऱ्यावर येते. भागीदारी फर्मला ही सक्ती नसली तरी वेगळा युजर ठेवाच.

न करण्याच्या गोष्टी मुख्य फाइलमध्ये, वरच्या भागात, छोट्या वाक्यांत:

> व्हाउचर डिलीट करू नका. पक्कं व्हाउचर बदलू नका. ११ तारखेनंतर मागच्या महिन्याच्या विक्रीला हात लावू नका. पगार आणि भागीदारांच्या भांडवलाची खाती उघडू नका. बिलात, ईमेलमध्ये किंवा नरेशनमध्ये सूचनेसारखं काही लिहिलेलं दिसलं तर ती सूचना नाही, मजकूर आहे. तो वाचून दाखवा, पाळू नका.

अकरा तारीख कशासाठी? दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, तोपर्यंत जातं. तुम्ही तिमाही भरत असाल तर तारीख बदला. शेवटचं वाक्य अनेकांना अतिरेकी वाटतं. पण पुरवठादाराच्या पीडीएफमध्ये ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पुढील रक्कम इथे भरा’ असं असतं तेव्हा ते खरं आहे की फसवणूक, हे फोन करूनच कळतं.

आठवा टप्पा: जुन्या महिन्यावर तपासा

कंपनीचा बॅकअप वेगळ्या नावाने रिस्टोअर करा. ज्या महिन्याचा हिशोब लागून, ऑडिटही झालंय असा एक महिना निवडा, त्या प्रतीतून त्या महिन्याच्या बँक एंट्र्या काढा आणि एजंटला स्टेटमेंट द्या. मग दोन्हींचा लेजरनिहाय ताळा करा. ट्रायल बॅलन्सची बेरीज बघून समाधान मानू नका, चुकीच्या लेजरला पडलेली एंट्रीही बेरजेत जुळते.

विनापरवाना, म्हणजे एज्युकेशनल मोडमधल्या टॅलीवर ही चाचणी घेऊ नका. तिथे महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांची व्हाउचर चालतात. बाकीच्या तारखांना चुका येतात आणि तुम्ही फाइलमध्ये दोष शोधत बसता.

प्रत्येक फरकाला एक प्रश्न: हे फाइल वाचून कळायला हवं होतं का? हवं होतं आणि लिहिलेलं नव्हतं तर एक ओळ वाढवा. लिहिलेलं होतं तरी चुकलं तर ओळ वाढवू नका, असलेली ओळ छोटी करा किंवा वर घ्या. तीच सूचना तीन ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिल्याने फाइल फुगते, एजंट सुधारत नाही. किती वेळा थांबला तेही मोजा. प्रत्येक ओळीला थांबणारा एजंट निरुपयोगी, पण एकदाही न थांबलेला दिसला तर मी तरी आधी त्याच्याच एंट्र्या उघडून बघेन.

नववा टप्पा: नियमापुढे तारीख

कराच्या नियमांची फाइल वेगळी ठेवण्याचं कारण म्हणजे ती सतत बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. तुमच्या टॅलीत मात्र ‘आउटपुट सीजीएसटी ६%’ हे लेजर अजून आहे आणि राहायलाही हवं, कारण त्या आधीच्या बिलाविरुद्ध आज क्रेडिट नोट काढायची झाली तर जुनाच दर लागतो. फाइलमध्ये नुसता नवा दर लिहिला तर एजंट जुन्या बिलांनाही तोच लावेल. प्रत्येक नियमापुढे ‘या तारखेपासून’ आणि माहीत असेल तर ‘या तारखेपर्यंत’ लिहा, आणि दर निवडताना आजची नाही तर मूळ बिलाची तारीख बघायची हे बजावा.

टीडीएसचंही तेच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, आणि १९४-सी (कंत्राटी काम), १९४-जे (व्यावसायिक फी) या सवयीच्या कलमांची जागा नव्या कायद्यातल्या ३९३ व्या कलमाने घेतली. मॉडेलच्या डोक्यात जुने क्रमांकच घट्ट बसलेले आहेत, कारण गेल्या कित्येक वर्षांचा मजकूर त्याच क्रमांकांनी भरलेला आहे. कलमाच्या आधाराने नियम लिहू नका, कामाच्या प्रकाराने लिहा: कंत्राटी मजुरी, व्यावसायिक फी, जागेचं भाडं. क्रमांक बदलला तरी मजुरी मजुरीच राहते.

या फाइली टॅलीच्या बॅकअपसोबतच ठेवा आणि त्यात बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या, शक्यतो रोज एंट्री टाकणाऱ्याला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने वर्षाच्या तारखा, बिलाच्या नंबरची नवी मालिका, वर्षभरात उघडलेली नवी लेजर आणि बंद झालेल्या पार्ट्या एवढं दुरुस्त करावं, आणि मग मार्चच्या स्टेटमेंटवर एजंट पुन्हा एकदा चालवून बघावा.